पाण्याची वही

सोहारला वसंत विचारून येत नाही,
जाताना सांगून जात नाही.
फेब्रुवारीत मेथी तरारून येते,
आणि एप्रिलच्या दुसऱ्या शुक्रवारी
नळाचं पहिलंच पाणी बोटाला चटका देतं.
मधले नऊ-दहा शुक्रवार, तेवढे आमचे.

वाडी खलफानची.
त्याच्या आजोबांच्या वेळी इथे लिंबं होती, आंबे होते,
बैल मोट ओढायचा.
मग विहिरीला समुद्र लागला.
तो तसंच म्हणतो, तोडक्या हिंदीत,
नजर लागावी तसं.
आता आठवड्याला दोन टँकर,
आणि समोरच्या इमारतीतल्या एकोणीस एसींचं पाणी,
लोकांच्या झोपेतून थेंब थेंब गळून
पाइपातून टाकीत.

चावी विटेखाली. वही बिस्किटांच्या डब्यात.
नाव, तारीख, किती बादल्या.
पाण्याला पाळी असते, आणि पाळीला हिशेब;
तो मी ठेवते. शाळेत गणित शिकवते म्हणून
हे गळ्यात पडलं.

मारिसेल रात्रपाळीहून थेट येते,
पांढरे बूट खजुरीच्या बुंध्याशी काढून ठेवते
आणि भेंडीशी तिच्या भाषेत काहीतरी बोलते.
कुंजुमोन बंदरातून मोडक्या फळ्या आणतो,
त्यांचं कुंपण करतो, पुढच्या शुक्रवारी पुन्हा मोडून
दुसरीकडे करतो.
खलफान कडुलिंबाला शरीश म्हणतो.
आमचा शिरीष वेगळा, हे मी तीनदा सांगितलं,
मग पाडव्याला त्याच्याच झाडाची डहाळी मागून घेतली.

आणि परकारचाचा, दाभोळचे,
बावीस वर्षं एका गोदामात पोती मोजलेले.
त्यांच्या मांडवावर पडवळ.
प्रत्येक पडवळाच्या टोकाला सुतळीने एक दगड:
"नायतर मेला आपल्याच अंगाभोवती गुंडाळतो."
वाऱ्यावर सगळे दगड हलायचे,
आम्ही डोकी सांभाळून वाकून जायचो.

मार्चच्या मध्यावर गोदाम बंद झालं.
तीस दिवसांची मुदत होती, चाचा अकराव्या दिवशीच गेले.
"उगाच खोलीचं भाडं कशाला?"
वहीत त्यांची शेवटची ओळ:
सहा बादल्या. दगड सोडू नका.

चाचांची पाळी कुणी घ्यायची
हे ठरवायला आम्ही दोनदा जमलो, दोनदा चहा प्यायलो.
ठरलं काहीच नाही.
वहीत मात्र रोज कुणीतरी त्यांच्या रकान्यात
एक गोल काढत होतं.
शून्य.
शून्य.
शून्य.
मला राग आला. नाही घालायचं पाणी तर नका घालू,
पण ते रोज लिहून का ठेवायचं?
अकरा दिवसांची बेरीज मी लाल शाईने केली: शून्य.

वाफा मात्र ओला होता.
दाबलं तर बोट पेरापर्यंत आत.

बाराव्या दिवशी मी साडेपाचला गेले.
खलफान मांडवाखाली, दिशदाशा गुडघ्यापर्यंत खोचून,
पाचवी बादली ओतत होता.
मग ओल्या हाताने वही उघडली
आणि सावकाश एक गोल काढला.
त्यांचा पाच.

नंबरप्लेटवर रोज वाचते मी तो आकडा,
पंधरा वर्षं झाली.
वहीत दिसलं ते माझंच शून्य.

मी त्याला काही बोलले नाही.
तो म्हणाला, दगड काढायचे का?
मी म्हटलं, नको.

आता एप्रिल संपत आलाय.
मेथी करपली, भेंडी जून झाली.
ऊन वाढतं तसे एसी जोरात चालतात,
टाकी आता भरून वाहते,
पाणी प्यायला फारसं काही उरलेलं नसताना.
दोन पडवळं कुणीच तोडली नाहीत.
ती पिकून तांबडी झाली, दगडासकट उकलली.
मारिसेलने बिया धुऊन वर्तमानपत्रावर वाळवल्या,
कुंजुमोनने पगाराच्या पाकिटात भरल्या,
आणि पाकिटावर कुणाचं नाव घालायचं
यावरून अजून वाद चालू आहे.

मी लाल बेरीज खोडली.
खाली नव्याने लिहिलं:
अकरा पाचे पंचावन्न.