चांगला कान

उशीतला मूठभर कापूस काढला,
दोन रात्रींनी परत भरला.
निमजे मास्तर म्हणाले, उशीच टाका, पाटावर मान ठेवा.
ठेवली. एकच रात्र.
सकाळी दूधवाल्याकडे मान वळेना,
मग अख्खा मीच वळलो,
पातेल्यासकट.

टोळीचं तेल झालं.
ओवा-मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून झाली,
खांद्याला चटका बसला तेवढा खरा.
दुखणं मात्र रात्री पाठ टेकली की यायचं,
दिवसभर कुठे असायचं कोण जाणे.

रुचिता मेयोत नर्स आहे.
तिची बोटं घाई करत नाहीत.
"इथं?"
तिथं नाही. बोटभर खाली.
मागावर तुटलेली तार मी अशीच शोधायचो,
डोळ्यांच्या आधी बोटाला कळायची.
तिला गाठ सापडली. दाबून धरली.
"आता श्वास सोडा, बाबा."
मी श्वास धरलाय
हे मलाच माहीत नव्हतं.

मग तिने टॉवेलची गुंडाळी केली,
मानेच्या खळग्यात बसवली,
एक उशी पोटाशी दिली कवटाळायला,
म्हणजे वरचा खांदा पुढे लोंबत नाही.
"आणि डाव्या कुशीवर बिलकुल नाही.
डावाच तं दुखते तुमचा."
हो म्हणालो.
ती ड्यूटीवर गेली
आणि मी डाव्या कुशीवर.

तिला काय सांगू.
मिलच्या साच्यांनी सत्तावीस वर्षांत
माझा डावा कान पुरता खाल्ला.
उजवा उरलाय. तो वर पाहिजे, उघडा,
ती येईपर्यंत.
दुपारची पाळी नावालाच दुपारची,
बदलीची बाई आली नाही की बारा, कधी साडेबारा.
तांडापेठेत रात्री पन्नास गाड्या जातात.
तिची गाडी पुलावरून उतरताना एकदा खोकते,
वळणावर गप्प होते,
मग फाटकाची कडी.
कडी वाजली की मी घोरायला लागतो.

मे महिना. भिंतीसुद्धा तापाने फणफणलेल्या.
कूलर लावला तर कडी ऐकू येत नाही,
म्हणून कूलर बंद.
हेडाऊंचा पलीकडे सुरूच असतो,
त्याची घरघर गाळून गाळून
मी रस्ता ऐकतो.
खांदा खाली चेपलेला,
मान वर ताणलेली,
घामाने टॉवेल ओला.

परवा ती दारात उभी राहिली बराच वेळ.
"कूलर काऊन बंद?"
पाणी संपलं असन.
तिने टाकीत हात घातला.
कोपरापर्यंत ओला झालेला तो हात
तिने तसाच माझ्या मानेवर ठेवला.
मी घोरत होतो.
ती काही बोलली नाही.
माझा वर असलेला कान बघत असावी.

दुसऱ्या दिवशी गोळीबार चौकातून
कुलूपवाल्याला घेऊन आली.
आतली कडी काढली,
बाहेरून उघडणारं लॅच बसवलं.
एक चावी स्वतःच्या पर्समध्ये टाकली.
"आल्यावर तुमच्या पायाच्या अंगठ्याला हात लावीन.
तेवढं तं समजते ना?"
समजते, म्हणालो.
अंगठा बहिरा नाही झाला अजून.

रात्री कूलर लावला.
उजव्या कुशीवर झालो,
चांगला कान उशीत बुडवला,
आणि नागपूर बंद पडलं.
मिल बंद झाली त्या संध्याकाळी
अशीच शांतता होती,
माणसं उगाच मोठ्याने बोलत होती.
भीती वाटली. पुन्हा वळावंसं वाटलं.
पण डावा खांदा हवेवर होता,
इतक्या दिवसांनी त्याच्यावर
काहीच नव्हतं,
मीसुद्धा नाही.

तिने अंगठ्याला हात लावला का, आठवत नाही.
पहाटे तिच्या चपला दाराशी होत्या,
एकीवर एक पडलेल्या.
टॉवेलची गुंडाळी सुटून पायाशी गेलेली.

मान दुखतेच आहे.
दूधवाल्याकडे आज
अर्धाच वळलो.