रातव्याच्या खांद्यावरचं ठिगळ

सिनेमा बरा आहे.
हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर दस्तगीर म्हणेल,
तुला काही आवडतच नाही भावा,
तू पडद्यावरपण काज-बटण बघतोस.

बघतोच.
एकतीस वर्षं पापाच्या तिकटीजवळ मशीन चालवतोय.
दारातून कुणी आत आलं की मला आधी खांदा दिसतो,
मग माणूस.
म्हणून विचारतो :
रातव्याच्या डाव्या खांद्यावरचं ठिगळ कुठं गेलं?

अंक सतरावा. पाण्याच्या टाकीवरून उडी,
गंजका पत्रा, टर्रकन फाटलेला झगा,
आणि शेवटच्या पानावर तो, मुखवटा कपाळावर सारून,
दिव्याखाली सुई ओवत बसलेला.
तीनदा चुकतो. तीन चौकटी दिल्यात त्याला चित्रकारानं.
चौथीत दोरा आत.
तिथून बावन्नाव्या अंकापर्यंत
ते ठिगळ काढायला चित्रकार विसरला नाही.
छपाईत रंग सरकायचे, ओठ गालावर जायचे,
ठिगळ जागेवर.

शिरगावे मामांच्या वाचनालयात दिवसाला चार आणे.
गंगावेशीत म्हशीची धार निघेस्तोवर
मी आणि दस्तगीर एकच अंक दोघांत धरून वाचायचो.
त्याचं पान आधी संपायचं, मग तो
माझ्या तोंडाकडं बघत बसायचा.
तो मारामारीवर फिदा. मी त्या सुईवर.
आमच्या घरात वडील दिवसभर सुई ओवत,
आणि त्यांना उडता येत नाही
ही तोवर मला त्यांचीच चूक वाटायची.

आता पडद्यावर झगा संगणकानं हलवलाय.
वारा नसताना हलतो.
शिवण नाही, अस्तर नाही,
कॉलर कशाच्या जिवावर उभी आहे, अंबाबाईला ठाऊक.
पूल पडतो, बुरूज पडतो, चंद्राचा टवका पडतो,
पुढच्या रांगेतली पोरं शिट्ट्या मारतात,
आणि कापडाला एक सुरकुती नाही.

खलनायक झकास, हे मान्य.
अंकात नुसता बोंबलायचा, इथं हळू बोलतो,
इतकं हळू की माझ्या हातातला चहा निवला.
गाणं नको होतं.

मध्यंतरात दस्तगीर म्हणाला,
लई मनावर घेतोस. एवढ्या राड्यात ठिगळ कुठं बसवणार ते?
खांद्यावर, मी म्हणालो.
कुठल्या?
डाव्या.
उजवा होता, तो म्हणाला. शपथ घेतो. उजवा.
आणि चौकटी दोनच होत्या.

आम्ही उरलेला सिनेमा नीट बघितलाच नाही.

पुरावा आहे माझ्याकडं. म्हणजे होता.
एकोणीस साली शुक्रवार पेठेत पाणी शिरलं तेव्हा
कपाटाचा खालचा कप्पा चार दिवस बुडाला.
गच्चीवर वाळत घातले अंक, पापडासारखे,
काही सुटले. बारा ते वीस
एकाच विटेसारखे चिकटले ते चिकटलेच.
सुरीचं टोक घालून बघावं असं कैकदा वाटलं.
हात होत नाही.
आत कुठंतरी तो सुई ओवतोय,
डाव्या खांद्यासाठी. किंवा.

परवा एक बाई आल्या, शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी
पोराला रातव्याचा ड्रेस पाहिजे, सिनेमातल्यासारखा.
काळं सॅटिन, चकचकीत, मीटरला ऐंशी रुपये.
मी शिवला. आणि शेवटी, कुणी सांगितलं नसताना,
डाव्या खांद्यावर खाकी चौकोन बसवला, हातानं.

बाई म्हणाल्या, अहो टेलर, नवीन कापडाला हे काय?
पोरगं काहीच बोललं नाही. ते चौकोनावर बोट फिरवत होतं.
उसवून दिलं.
गिऱ्हाईक आहे, हुज्जत कशाला.
पण सॅटिनचं एक असतं,
टाका काढला तरी भोकं जात नाहीत,
उजेडात धरलं की दिसतात.

दुसरा भाग येणार म्हणे दिवाळीला.
जाणार.
दस्तगीर उजवीकडं बसेल.