उजवीकडून

तन्वेश, काल तू काउंटरवर बोट घासत विचारलंस,
एकट्या माणसाने वाचावं असं काही आहे का इथे?
आणि लगेच म्हणालास, मित्रासाठी हवंय.
मी रजिस्टरात डोकं घातलं.
डिचोलीच्या या वाचनालयात सव्वीस वर्षं बसलेय,
त्या मित्राला ओळखते मी.
दर महिन्याला तो कुणा ना कुणाला पाठवतो.

तर ऐक. खिडकीखालचं कपाट, अगदी तळचा कप्पा,
पूर्वी तिथे खाण कंपन्यांचे अहवाल असायचे.
आता एक खोका आहे.
बोर्डेचा एल्वितो इंग्लंडला गुदामात कामाला गेला,
त्याच्या आदल्या दिवशी रिक्षातून घेऊन आला.
म्हणाला, मॅडम, फेकवत नाहीत आणि नेववतही नाहीत.
एकतीस जपानी चित्रकथा. मांगा म्हणतात.
इंग्रजीत आहेत, पण घाबरू नकोस, शब्द थोडे.
कधी कधी सबंध पानभर नुसती किटली.

एक बाई आहे त्यात, नव्या शहरात आलेली.
एका माणसाचा भात नीट होत नाही
हे कळायला तिला तीन भाग लागतात.
चौथ्यात ती दोघांचा लावते,
उरलेला डब्यात भरून एक जिना उतरते.
दार वाजवते की नाही, दाखवलेलं नाही.

एक मुलगा आहे, शाळा सोडलेला,
गावच्या न्हाणीघरात बादल्या घासतो.
शेवटपर्यंत तो शाळेत परत जात नाही.
मला ते फार आवडलं.
(तुमच्या अंगणातला टिप्पर बसमधून दिसतो मला.
यंदा कारल्याचा वेल पार स्टिअरिंगपर्यंत गेलाय.)

पण सुरुवात छत्रीवाल्यापासून कर.
आणि हे कुणाला सांगितलेलं नाही:
मी तो आधी उलटा वाचला.
आपल्या सवयीने, डावीकडून.
दुकान गजबजलेलं होतं,
मग एकेक माणूस पाठमोरं होत गेलं,
कुत्रंसुद्धा.
शेवटी तो आणि अर्धं ओढलेलं शटर.
वाक्यं एकमेकांना जुळत नव्हती,
मला वाटलं, एकटं पडल्यावर नाहीतरी कुठे जुळतात.
आई गेली ते वर्ष होतं. मला सगळं पटलं.
घरी जाऊन पेज केली, दिवा न लावता जेवले.

दुसऱ्या दिवशी नववीतली एक पोर फिस्सकन हसली,
मॅडम, हे उजवीकडून असतं.

मग परत धरलं.
अर्धं ओढलेलं शटर, आत एक माणूस.
कुत्रं येतं.
मोडकी दांडी घेऊन एक म्हातारी येते,
छत्री नकोच असते तिला, बसायला जागा हवी असते.
चित्रं तीच होती रे. एक रेघ बदलली नव्हती.

यातून धडा वगैरे काढू नकोस.
माझ्या घरात अजूनही संध्याकाळी
कुकर बोलतो आणि बातम्या बोलतात.
फक्त पोदेराचा भोंगा वाजला
की आता खिडकीतून पिशवी सोडत नाही,
फाटकापर्यंत जाते. तो त्याच्या गुडघ्याचं सांगतो.
तेवढं.

नियमाने एका वेळी दोनच पुस्तकं मिळतात.
मित्राला म्हणावं, तीन ने. सही तू कर.
आणि छत्रीवाल्याच्या पाचव्या भागात
बेकरीचं एक पिवळं बिल आहे, दोन पॅटिस, एक चहा.
एल्वितोची खूण आहे ती.
तिथवर वाचून तो विमानात बसला.
काढू नकोस. तुझी खूण
दुसऱ्या कशाची तरी ठेव.