सोनं धरत नाही

तिसऱ्यांदा निघालाय बेदिरहान उस्तांचा दात.
या वेळी रुमालात नाही,
मण्यांच्या डबीत घालून आणलाय,
काळ्या ओल्तू दगडाच्या गर्दीत
एक पिवळा, उपरा.

बाहेर एर्झुरुम उणे बावीस.
मिशीवरचा बर्फ वितळेपर्यंत ते बोलत नाहीत.
मग म्हणतात,
"नेझाहत, पोरी, तुझ्या लुकणात दम नाही."

मी भिंगाखाली धरते.
सिमेंट सगळं दाताच्या खुंटाला राहिलेलं.
सोन्याच्या आतल्या अंगाला कणही नाही,
धुतल्या तांदळासारखं
नामानिराळं.

प्रयोगशाळेत आम्ही हेच मोजतो:
पाच अंशांच्या पाण्यातून पंचावन्नात,
पंचावन्नातून पाचात,
दहा हजार बुड्या,
मग यंत्राचं पातं सावकाश खाली
आणि टक्.
निकेल-क्रोम सुटता सुटत नाही.
हवेशी त्याचं आधीच थोडं वाजलेलं असतं,
अंगावर खपली असते ऑक्साइडची,
रेझीन नेमकं तिथं बोट धरतं.
सोन्याला हवेचं काही लागत नाही.
म्हणून कुणाचंच काही लागत नाही.

आणि उस्ता तर
साखरेचा खडा दातांत धरून
कढत चहा पितात,
लगेच दारात उभे राहून थंडीला शिव्या घालतात.
आमचं यंत्र दहा हजारांवर थांबतं.

"निकेलचा करू या का नवा?"
"हा मेव्लूदेच्या बांगडीचा आहे," ते म्हणतात.
"तीही अशीच होती. कुणाला चिकटायची नाही."
आणि हसतात, पुढची फट दाखवत.

मग खिशातून स्वतःचं भिंग काढतात,
चांदीकामाचं, काठ झिजलेलं.
"आतून इतकं लख्ख कुणी केलं?"

मीच.

"चांदीची तार दगडात बसवताना
आम्ही आधी खाच खरवडतो.
गुळगुळीत घरात कोण राहील?"

वाळूचा झोत मारते मी, पन्नास मायक्रॉन.
बांगडीची चमक जाते,
राखेसारखी मंद होते आतली बाजू.
उस्ता तेवढ्यापुरते खिडकीकडे बघतात.
त्यावर प्रायमरचा एक थेंब:
त्यातलं गंधक सोन्याला ओळखतं,
दुसरं टोक रेझीनला.
मध्यस्थ लागतोच.

दाबून धरते. मोजते. निळा दिवा कडेनं फिरवते.

"आता किती दिवस?"

माझ्याकडे आकडा आहे,
पण तो मेगापास्कलमध्ये आहे.

"आज साखर नको," एवढंच सांगते.
ते मान हलवतात,
आणि कोटाच्या खिशात
खडे वाजतात.