मानस

विचारलंस म्हणून सांगते, सुलक्षा.
नाहीतर आपणहून सांगण्यासारखं हे नव्हे.

आधी एक फॉर्म येतो.
वय, गाव, झोप किती तास.
'गेल्या दोन आठवड्यांत' असं प्रत्येक ओळीच्या आधी,
जणू त्यामागची अकरा वर्षं जमेतच धरायची नाहीत.
भाषा निवडा, म्हणतात. यादीत कोकणी नव्हती.
मी मराठीवर बोट ठेवलं.
पोथी मराठी, पेपर मराठी, दुकानाची वही मराठी.
रडू कुठल्या भाषेत येतं
ते फॉर्मने विचारलं नाही.

मग जागेचा प्रश्न.
आमच्या घराच्या भिंती कौलांपर्यंत पोचत नाहीत,
तुला ठाऊक आहे. इकडे शिंकलं तर तिकडे जपून राहा म्हणतात.
म्हणून बुधवारी सातला
'मासळी बघून येते' म्हणत गाडी काढते
आणि चोडणच्या धक्क्यावर, फेरीची रांग सोडून,
काचा वर करून बसते.
तिथे तीन काड्या नेटवर्क.
फोन स्टिअरिंगला टेकवलेला,
इयरफोनचा डावा कान मेलेला.

पहिल्या दिवशी तिचे ओठ आधी हलले,
आवाज मागाहून आला.
"ऐकू येतंय का माझं?"
"येतंय. माझं?"
"तुमचंही येतंय."
एवढ्यावरच माझा गळा दाटला. हसू नकोस.

नाशिकची आहे ती. मागे कपाट, कपाटावर बॅग.
मध्येच कुकरची शिट्टी झाली, तिने माफी मागितली.
मला उलट धीर आला.
डाळ शिजत ठेवून आलेली बाई
आपल्याला वेडी ठरवणार नाही, असं उगीच वाटलं.

सल्ला देत नाही ती, आधीच सांगून ठेवते.
मी तर यादी करायला पेन घेऊन बसले होते.
पहिल्या वेळी चाळीस मिनिटं नणंदेच्या फ्रिजबद्दल बोलले.
दुसऱ्या वेळी काहीच नाही.
त्या गप्प बसण्यात पदेराचा हॉर्न वाजला,
हे काय, तिने विचारलं,
तर मी पोळी, उंडो, कांकणं सगळं समजावत बसले.
शंभरेक रुपये तरी पावात गेले असतील.
तिने घाई केली नाही.

तिसऱ्या बुधवारी ती 'मानसिक' असं काही म्हणाली
आणि माझ्या तोंडून गेलं,
मानस आमच्या पप्पांकडे होतं.
ती थांबली.
सांगितलं मग. खाजनाच्या बांधात लाकडी दार असतं, ते मानस.
भरतीचं पाणी रेटतं तेव्हा आपसूक मिटतं,
ओहोटीला आतलं पाणी ढकलून बाहेर पडतं.
पप्पा रात्री कंदील घेऊन जात,
फळ्यांत काही अडकलंय का बघायला.
एक काडी पुरते, म्हणायचे.
दार फटभर उघडं राहिलं
की खारं पाणी शेतात, मग वर्षानुवर्षं भात नाही.

"अडकली होती का कधी काडी?"

आणि सुलक्षा, त्या रात्री कंदील धरायला
मी गेले नव्हते, हे अकरा वर्षं
कुणाला न सांगितलेली मी
कोकणीत बोलू लागले.
चित्र गोठलं. तिचा अर्धा चेहरा नुसत्या चौकटी.
मी थांबले नाही. गोठलेल्या चेहऱ्याला सांगणं सोपं गेलं.
जुळलं परत, तेव्हा म्हणाली,
शेवटचं वाक्य हुकलं, पुन्हा सांगाल?
ते जड गेलं. सांगितलं.

पन्नासाव्या मिनिटाला संपतं. एवढी तयारी ठेव,
स्क्रीन काळी होते
आणि तिच्यात आपलंच तोंड दिसतं.
लगेच घरी जाऊ नकोस.
मी गाडी तिथेच ठेवून फेरीत चढते,
रायबंदरला जाते, न उतरता परत येते.
बरं वाटतं का? त्या रात्री नाही वाटलं.
ताप आल्यासारखं अंग. पहाटे मात्र
कोंबडा कधी आरवला ते कळलं नाही.

काल घरात विचारलं,
दर बुधवारी मासळी बघतेस, आणतेस कधी?
बघू. या खेपेला बांगडे आणीन,
नाहीतर सांगूनच टाकीन.

तुझा फॉर्म भरायला रविवारी येते.
गाडी हवी तर चावी दाराआडच्या खिळ्याला आहे.