शटडाउन

लोबो म्हणाला, पंच्याहत्तर दिवसांचं काम आहे,
शटडाउनचं.
मी म्हटलं, शटडाउन मला माहीत आहे.
वास्कोच्या यार्डाचं फाटक बंद झालं त्या दिवशी
माझं हेल्मेट आतच राहिलं,
त्यावर पेंटने नाव होतं, मीच घातलेलं.

तसं नव्हे रे, तो हसला.
तिथे रिफायनरी वर्षभर चालते,
मग मुद्दाम बंद ठेवतात, अडीच महिने,
आणि पाइप कापायला, जोडायला
कुठून कुठून माणसं बोलावतात.
कंपनी सुरू झाली की तुमचं काम संपलं.
म्हणजे उलटं, मी म्हटलं.
उलटं, तो म्हणाला. पासपोर्ट आण.

चार वर्षं दोन महिने काय केलं,
हे लिहायला फॉर्मवर एक रकाना होता.
मी लिहिलं: स्वतःचा व्यवसाय.
वेंगुर्ल्याच्या बंदरावर होड्यांची इंजिनं उघडून बघितली,
कोणी पैसे दिले तर घेतले.
देवळाच्या ग्रिलला रंग दिला, त्याचे कसे मागायचे.
दुपारी पाहुणे आले की मागच्या दाराने
विहिरीवर जायचो,
कळशी भरलेली असली तरी.

पनवेलला ट्रेड टेस्ट झाली. पहिला टाका थरथरला.
दुसरा नाही.

मग मुंबईत व्हिसाच्या खिडकीवर
मुलगी म्हणाली, चार बोटं एकत्र ठेवा.
मी आधीच माफी मागून टाकली:
मॅडम, वेल्डर आहे, बोटं उमटत नाहीत.
यार्डाच्या गेटवरचं मशीन कधी घ्यायचं नाही,
वॉचमन वहीत सही घ्यायचा.
इथे हिरवा दिवा लागला. एका फटक्यात.
दहाही.
बाहेर येऊन हात उलटा करून पाहिला.
रेषा परत आल्या होत्या,
ओहोटीनंतर वाळूवर उमटतात तशा बारीक,
रिकाम्या दिवसांनी एकेक करून ओढलेल्या.
आनंद मानावा की लाज वाटावी
ते तिथे ठरलं नाही. मागे रांग होती.

वैजूच्या बोटांना आता काही नाही.
काजूच्या टरफलाचं तेल राखेला जुमानत नाही.
सकाळी हातांना राख चोळून बसते,
किलोवर मजुरी, चार वर्षं.
रेशनचं मशीन तिला तीनदा विचारतं
आणि तीनदा नाही म्हणतं.
त्या रात्री मी तिला बोटांचं सांगितलं.
तिने माझा अंगठा उजेडात धरला,
घासाघीस करण्याआधी बाजारात मासा बघते तसा.
तुमच्यो इल्यो, माझ्यो गेल्यो, म्हणाली.
घरात कोणाच्यो तरी असल्यो म्हणजे झाला.

बॅग फॅक्टरीच्या काट्यावर तोलली,
जिथे रोज संध्याकाळी तिचा गर तोलतात.
दीड किलो जास्त भरली.
कुळथाचं पीठ राहिलं, खारे बांगडे काढले,
पुन्हा दोन घातले.

आईने फक्त तारखा विचारल्या.
बोटांवर मोजलं आणि म्हणाली,
म्हणजे मोहराक जातंस आणि कैरीक येतंस.
शहात्तराव्या दिवसाचं तिने विचारलं नाही.
लोबोने नाही. मीही नाही.

पहाटे रिक्षा दारात आली,
मागच्या काचेवर दंव.
दुर्वाने त्यावर अंगठा दाबला,
नीट, फिरवून, सगळ्या कडा उमटतील असा,
रेशन दुकानात आजीबरोबर जाऊन शिकलेली.
बघ, माझा येतो, म्हणाली.

आरोंद्याच्या पुढे ऊन आलं.
मी मागे वळून पाहिलं नाही
तोवर तो होता.