घंटी वाजवली होती

माझं दुकान अशोक चौकात, चार बाय सहा.
पंक्चर, ब्रेकचे रबर, चेन,
आणि खिळ्याला टांगलेले डायनॅमो,
ज्यांच्यावरची धूळ मी गिऱ्हाईकासमोर फुंकतो.
माझ्या स्वतःच्या सायकलला दिवा नव्हता.
दिव्याखाली अंधार म्हणतात, तो
रोज रात्री दहाला कुलूप लावून
मी घरी घेऊन जायचो.

डायनॅमो टायरला टेकला की सायकल जड होते.
दिवसभर दुसऱ्यांच्या चाकांत हवा भरल्यावर
आपल्या चाकाला तेवढंही ओझं नको वाटतं.
आणि रस्ता पाठ.
विडी घरकुलापर्यंत कुठला खड्डा कितव्या पायडलला येतो,
झोपेत सांगेन.
खड्डे आपली जागा सोडत नाहीत.
माणसं सोडतात, एवढं ध्यानात आलं नव्हतं.

त्या रात्री लाईट गेलेली.
उसाची एक ट्रॉली खेटून गेली,
मागं लाल काचेचा तुकडासुद्धा नाही,
पाचटाचं पातं गालाला चाटून गेलं.
शिवी हासडली मी. दिवा लावायला काय धाड भरली रे,
असं ओरडलो
अंधारातून, अंधारात.

मग पुढं काहीतरी पांढरं.
माणसाच्या उंचीवर, नुसतंच तरंगणारं.
घंटी वाजवली.
परत वाजवली.
पांढरं बाजूला होईना,
आणि मग मी त्याच्या अंगावर होतो.

कापूस होता तो. केसांत, भुवयांत, कानाच्या पाळीवर,
सेकंड शिफ्ट सुटलेल्या माणसाच्या अंगावर असतो तेवढा.
यादगिरी चिट्याल.
चाळीस वर्षं टॉवेलच्या मागावर.
डब्याचं झाकण डांबरावर गोल गोल फिरत राहिलं,
थांबेचना.
मी ओरडतोय, घंटी वाजवूलालतो की ओ मी!
ऐकू येईना का घंटी!
काडी पेटवली तेव्हा दिसलं,
तो माझ्या ओठांकडं बघत होता.
"एमैंदी?" म्हणाला.
मग मराठीत, खडखडाटात बोलायची सवय असलेल्या मोठ्या आवाजात,
सगळा सामसूम रस्ता जागा होईल असं:
"कान मागानं नेले. मी डोळ्यानं ऐकतो."
काडी विझली.

दवाखाना, गळ्यात अडकवलेला हात,
सहा आठवडे बंद पगार,
त्याच्या बायकोनं रोज जास्तीच्या वळलेल्या दोनशे विड्या,
हे इथं मांडत नाही.
हिशेब तिच्याकडं आहे.
पैसे द्यायला गेलो तर सुपातून मान वर न करता म्हणाली,
"त्यापेक्षा दिवा बसव."
म्हटलं, बसवतो की, मामांच्या सायकलला.
"तुझ्या."

दोन्हीला बसवला.
त्यानं त्याचा आठ दिवसांत टायरवरून उचलला. जड होते म्हणे.
मी काय बोलणार!
मागच्या मडगार्डला मात्र
वेस्ट सुताचा एक झुबका बांधलाय, मूठभर, पांढरा.

आता घरी जाताना माझा दिवा
उतारावर मोठा होतो,
चढाला मिणमिणतो,
आणि पिठाच्या गिरणीपाशी कधी कधी
तो झुबका पुढं हलताना सापडतो.
सवयीनं मी घंटी वाजवतोच.
तो ऐकत नाही.
पण त्याची स्वतःची सावली
त्याच्याच पुढ्यात लांब पडते, चाकासकट,
ती बघतो,
आणि हळूच डाव्या अंगाला होतो.